टेंडर सगळ्यांनाच भरू द्या!

कॅम्पसचा सीझन जवळ आला की होस्टेलच्या गच्चीवर ग्रुप डिस्कशनची प्रॅक्टिस सुरू होते. विषयांच्या चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी हमखास असते, ‘खाजगीकरण : शाप की वरदान?’ चिठ्ठी उघडली की दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, सरकारी माणूस काम करत नाही, सगळं खाजगी करून टाका. दुसरी म्हणते, खाजगीवाला फक्त लुटायला बसलाय. पहिली पार्टी तहसील कचेरीतल्या खेपा मोजून दाखवते, दुसरी खाजगी हॉस्पिटलचं बिल वाचून दाखवते. वेळ संपते, चहा येतो, आणि ज्याचं मत सुरुवातीला जे होतं तेच शेवटी असतं.

माझं म्हणणं असं आहे की ही भांडणं होतात कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कचरा उचलणं, बस चालवणं, वीज वाटणं, इमारत झाडणं ही कामं सरकारी माणसाने करावीत की खाजगी, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की जो कोणी काम करतोय त्याला ‘हे काम माझ्या हातून जाऊ शकतं’ अशी भीती आहे का? आणि त्याचं काम मोजायला कोणी तटस्थ माणूस बसवलाय का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असेल, तर सरकारी असो वा खाजगी, मक्तेदार हा मक्तेदारच. फक्त पाटी बदलते.

म्हणून मला सुचवायचंय ते अगदी साधं आहे. सरकारी सेवेचं टेंडर निघालं तर ते सरकारी खात्यालाही भरू द्या. आज आपल्याकडे बहुतेक वेळा उलट होतं. खातं कामात कमी पडलं की एक दिवस वरून ऑर्डर येते, टेंडर निघतं, आणि वर्षानुवर्षं ते काम केलेली माणसं बाजूला उभी राहून बघत बसतात. त्यांना कोणी विचारतच नाही की बाबांनो, हेच काम याच पैशात तुम्ही करून दाखवाल का?

कचऱ्याच्या गाड्या आणि रस्त्यावरचे खड्डे

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कचरा उचलण्याचं काम स्पर्धेला खुलं केलं. सगळं शहर एकाच कंत्राटदाराला दिलं नाही, विभाग पाडले आणि एकेका विभागाचं टेंडर काढलं. विशेष म्हणजे महापालिकेच्या सार्वजनिक बांधकाम खात्यालाही ते भरायची मुभा ठेवली. खात्याने भरलेले आकडे खरे आहेत की नाहीत हे शहराचा ऑडिटर तपासायचा, म्हणजे स्वतःची कॉस्ट कमी दाखवून जिंकायची सोय नाही.

काय झालं? खातं हरलं. पुढचं टेंडरही हरलं. पण हरलेल्या खात्याने हातावर हात ठेवले नाहीत. गाड्या बदलल्या, एका गाडीवर किती माणसं लागतात याचा हिशेब पुन्हा मांडला, रस्त्यांचे मार्ग नव्याने आखले. १९८४ मध्ये त्यांनी मोठं कंत्राट परत जिंकलं आणि १९८८ पर्यंत गेलेले विभाग परत मिळवले. जिंकले तेव्हा त्यांचा खर्च खाजगी कंपन्यांपेक्षा कमी होता. माणसं तीच होती, खातंही तेच होतं. फरक एवढाच की पूर्वी हरण्याची सोयच नव्हती.

दुसरं उदाहरण इंडियानापोलिसचं. स्टीफन गोल्डस्मिथ १९९२ मध्ये तिथे मेयर झाले ते खाजगीकरणाचा झेंडा घेऊनच. रस्त्यावरचे खड्डे बुजवायचं काम त्यांनी स्पर्धेला काढलं आणि कामगार युनियनला सांगितलं, तुम्हीही भरा. युनियन म्हणाली, भरतो, पण आमच्या डोक्यावर हे जे सुपरवायझर बसवलेत त्यांचा पगार आमच्या कॉस्टमध्ये धरणार असाल तर आम्ही जिंकणार कसे? यातले बरेच सुपरवायझर मेयरच्याच पक्षाने सोय लावून दिलेले! गोल्डस्मिथ यांनी त्यांतले बरेच कमी केले. कामगारांनी टोळ्या लहान केल्या, ट्रक कमी केले, आणि टेंडर जिंकलं.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की खर्च कुठे मुरतोय हे खड्ड्यात डांबर टाकणाऱ्या माणसाला आधीपासून माहीत होतं. त्याला आजवर विचारलं नव्हतं, इतकंच.

नाण्याची दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, वा, मग प्रश्न सुटला! थांबा. ब्रिटनमध्ये हाच प्रयोग सक्तीने झाला आणि त्याची दुसरी बाजूही दिसली.

तिथे १९८० च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांना बांधकाम आणि दुरुस्तीची कामं स्पर्धेला काढायला लावली. १९८८ च्या कायद्याने त्यात कचरा, रस्ते झाडणं, इमारतींची सफाई, शाळांचं जेवण अशी कामं आणली. कौन्सिलच्या स्वतःच्या कामगारांना काम टिकवायचं असेल तर त्यांनीही बोली लावायची. मोठ्या प्रमाणावर कंत्राटं त्यांनी टिकवलीही. पण कशी?

नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलचं प्रकरण बघा. तिथे शाळेत जेवण करणाऱ्या आणि वाढणाऱ्या जवळपास सगळ्या बायकाच. त्यांचं काम कौन्सिलमधल्या पुरुषांच्या, म्हणजे रस्ते झाडणाऱ्या, बागकाम करणाऱ्या कामगारांच्या कामाच्या तोडीचं आहे असं मूल्यमापन आधीच झालेलं होतं. पण खाजगी कंपन्या स्वस्तात बायका कामावर ठेवतात, तेव्हा त्यांच्याशी स्पर्धा करायची म्हणून कौन्सिलने या बायकांचे पगार कापले. टेंडर जिंकलं. बायका कोर्टात गेल्या आणि १९९५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाजारात बाईचं काम स्वस्त मिळतं हे कारण तिला कमी पगार देण्यासाठी चालणार नाही, असा त्याचा अर्थ. ही सक्तीची पद्धत पुढे २००० मध्ये रद्द झाली.

फिनिक्समध्ये गाड्या आणि मार्ग बदलून पैसे वाचले. यॉर्कशायरमध्ये स्वयंपाकीणबाईच्या पाकिटातून वाचले. कागदावर दोन्हींना ‘बचत’ म्हणतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर पहिल्यात एफिशियन्सी वाढली, दुसऱ्यात फक्त लोड एका खांबावरून दुसऱ्या, अधिक कमजोर खांबावर गेला.

आपल्या घरची वीज

इलेक्ट्रिकलच्या मंडळींनी हा भाग नीट वाचावा, कारण आपल्यापैकी निम्मे उद्या याच धंद्यात असणार आहेत.

भिवंडीत यंत्रमागांचं जाळं, आणि वीजगळती निम्म्याहून जास्त. महावितरणने २६ जानेवारी २००७ पासून तिथलं वितरण टोरेंट पॉवरला फ्रँचायझी म्हणून दिलं. पद्धत अशी, की शहराच्या तोंडाशी जितकी युनिट येतील तितक्यांचे पैसे कंपनीने टेंडरमधल्या दराने महावितरणला द्यायचे. ग्राहकाकडून वसुली नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने करायची. मधला फरक कंपनीचा.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. १०० युनिट आली, बोली ३ रुपयांची, म्हणजे महावितरणला ३०० रुपये गेले. ग्राहकाचा दर ६ रुपये. वसुली ४२ युनिटचीच झाली तर हातात २५२, म्हणजे ४८ रुपये खड्ड्यात. तीच ८० युनिटची झाली तर ४८० रुपये, म्हणजे १८० शिल्लक. आता कंपनी मीटर बदलेल की नाही? ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करेल की नाही? चोरीचे आकडे काढेल की नाही? भिवंडीत तसंच झालं. काही वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या आसपास आली. २०१७ मध्ये कंत्राट आणखी दहा वर्षांसाठी दिलं गेलं. मीटर आणि बिलांच्या तक्रारींवरून तिथे आंदोलनंही झाली, हेही सांगायला हवं.

पण गोष्ट इथे संपत नाही. भिवंडीचं यश बघून २०११ मध्ये नागपूरचे तीन विभाग, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि जळगाव इथेही फ्रँचायझी आल्या. औरंगाबादेत कंपनीकडे महावितरणची थकबाकी साचत गेली आणि २०१४ मध्ये कंत्राट संपवावं लागलं. जळगावचं २०१५ मध्ये संपलं. नागपूरला कंपनीची मालकी बदलली, तरी २०१९ मध्ये कारभार महावितरणकडे परत आला. वरच्या हिशेबात बोली ३ च्या जागी ५ रुपये टाकून बघा. ८० युनिट वसूल करूनही २० रुपये तोटाच येतो. जिंकण्यासाठी भरमसाट बोली लावायची आणि मग श्वास कोंडायचा, हा धोका या पद्धतीच्या पोटातच आहे.

आता मुद्दा बघा. कंपन्या गेल्या तेव्हा रात्रीत दिवे कोणी चालू ठेवले? महावितरणच्या इंजिनिअर आणि लाइनमननी. म्हणजे सरकारी खातं जिवंत होतं म्हणून परत घेता आलं. ते मोडीत काढलं असतं, तर कंत्राटदार म्हणेल ती अट मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हा सरकारी क्षमतेचा स्टँडबाय जनरेटर आहे. रोज लागत नाही म्हणून भंगारात विकायचा नसतो.

आणि माझा खरा प्रश्न हा, की टेंडर काढण्यापूर्वी त्या शहरातल्या महावितरणच्या इंजिनिअरांना का विचारलं नाही? तेवढाच दर, तेवढीच मुदत, आणि कंपनीला मिळालं तेवढंच स्वातंत्र्य द्या. वर्षभर फाइल फिरवल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर घेता येऊ दे, आकडा काढायला गेलेल्या माणसाला पोलिस संरक्षण मिळू दे, गळती कमी करणाऱ्या अधिकाऱ्याची कोणाच्या फोनवरून बदली नको. मग हरले तर हरले. पण हात बांधून पोहायला टाकायचं आणि बुडाला की ‘सरकारी माणसाला पोहताच येत नाही’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी महावितरणच्या क्षेत्रात खाजगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या विरोधात संप पुकारला होता. चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेतला. त्यांची भीती मला समजते. नफ्याचे ग्राहक कंपनीकडे आणि तोट्याचे आपल्याकडे, असं होण्याची ती भीती आहे, आणि ती खोटी नाही. पण २००३ च्या वीज कायद्यातच एका क्षेत्रात दुसरा परवाना देण्याची तरतूद आहे. तेव्हा नुसतं ‘येऊ देणार नाही’ म्हणून किती दिवस भागणार? मी युनियनचा नेता असतो तर मागणी केली असती की सगळे ग्राहक दोघांनाही सारखे घ्यायला लावा, नियम सारखे करा, आणि मग या मैदानात.

मेसचा हिशेब

इतक्या लांब जायचं नसेल तर आपल्या मेसकडे बघा. आपल्याकडे एक मेस कंत्राटदाराची आणि एक मुलांच्या कमिटीची. मेस एकच होती तेव्हा पोळी कशी होती हे सीनियर्सना विचारा. दोन झाल्यापासून दोघंही ताळ्यावर आहेत. एकाकडे रविवारी फीस्ट चांगली झाली की दुसऱ्याकडे पुढच्या रविवारी गुलाबजाम येतात. स्पर्धा म्हणजे आणखी काय असतं?

पण कमिटी मेसवाले (मीही त्यांच्यातलाच) छाती काढून म्हणतात, ‘आमचं बिल महिन्याला शे-दोनशे रुपयांनी कमी येतं.’ खरंय. पण सेक्रेटरी भल्या पहाटे मार्केट यार्डात जातो त्याचा पगार कोण धरतं? बिलं लिहिणारा सेकंड इयरचा पोरगा फुकटच राबतो. जागा, पाणी कॉलेजचं. कंत्राटदार मात्र जागेचं भाडं भरतो. हे सगळं मांडलं तर फरक किती उरेल? सरकारी खात्याचंही असंच असतं. जमीन फुकट, इमारत जुनी, पेन्शन दुसऱ्याच खात्यावर, आणि म्हणायचं आम्ही स्वस्त! म्हणून पहिला नियम हा, की स्पर्धेत उतरणाऱ्या खात्याने पूर्ण खर्च मांडायचा आणि तो त्रयस्थ ऑडिटरने तपासायचा.

खिशावरचं नाव

आता जरा अवघड गोष्ट. गेटवरचे वॉचमन काका बघा. मी आल्यापासून त्यांच्या युनिफॉर्मच्या खिशावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं आली. माणूस तोच, शिट्टी तीच, खुर्ची तीच. दर नव्या कंत्राटाला त्यांची नोकरी मात्र शून्यापासून सुरू. जुन्या कंपनीचे पीएफचे कागद मिळवायला ते किती चकरा मारतात ते मी पाहिलंय. व्हरांडा झाडणाऱ्या मावशींचं यापेक्षा वेगळं नाही.

अशा नुसत्या मनुष्यबळाच्या टेंडरमध्ये गंमत असते. किमान वेतन ठरलेलं, पीएफ-ईएसआय ठरलेलं. मग कंत्राटदार स्पर्धा करणार कशात? फक्त सर्व्हिस चार्जमध्ये. तो कमी करत करत कोणी शून्यावर येतो. शून्य नफ्यात धंदा करायला तो काही संत नाही. मग उरलेला पैसा कुठून निघतो हे तुम्हीच ओळखा. इथे नवं मशीन नाही, नवी पद्धत नाही, गाडीचा मार्ग बदलणं नाही. काका पूर्वी बसायचे तसेच बसतात, फक्त त्यांच्या पगाराला मध्ये एक भोक पडतं. अशा ठिकाणी स्पर्धेने काहीच सुधारत नाही, आणि हे मी स्पर्धेचा समर्थक असूनही म्हणतोय.

मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. वर्षानुवर्षं कोर्टात चपला झिजवल्यावर! आणि हे फक्त सफाई कामगारांचं दुखणं आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारने नऊ खाजगी एजन्सींमार्फत अतिकुशल ते अकुशल अशा सर्व वर्गांची कंत्राटी भरती करण्याचा जीआर काढला होता. राज्यभर मुलं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. अतिकुशल म्हणजे कोण? डिग्रीची गुंडाळी हातात घेतलेले आपणच की! खिशावरचं नाव उद्या आपल्याही शर्टावर येऊ शकतं.

तिसरा भिडू

सरकार आणि कंपनी या दोघांच्या पलीकडेही एक भिडू आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी २००८ मध्ये करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. संस्थेचे मालक कचरा वेचकच, त्यांतल्या बहुतेक बायका. केरळात १९२५ साली सुरू झालेली उरालुंगल ही कामगारांची सहकारी संस्था रस्ते आणि पूल बांधते. आपल्या महाराष्ट्राला सहकार कोणी शिकवायला नको. साखर कारखाना काढता येतो, तर रस्ता झाडणाऱ्यांची, लाइनमनची, ड्रायव्हरची सोसायटी टेंडर का भरू शकत नाही? भरू शकते, पण टेंडरमधली अनामत रक्कम आणि ‘मागील तीन वर्षांची उलाढाल’ ही अट तिला दारातच अडवते.

मग करायचं काय?

मला सुचतं ते असं. काम लहान लहान विभागांत वाटा, सगळं शहर एकालाच देऊ नका. काही विभाग कायम सरकारी खात्याकडे ठेवा, म्हणजे तुलनेला फूटपट्टीही राहील आणि स्टँडबायही. खातं, कंपनी आणि सहकारी संस्था तिघांनाही एकाच कागदावर भरू द्या. टेंडर लिहिणारा आणि भरणारा यांच्यात भिंत ठेवा, नाहीतर परीक्षक आणि परीक्षार्थी एकच व्हायचे. कामगाराचा पगार आणि त्याची झालेली नोकरी ही स्पर्धेच्या बाहेर ठेवा. कंत्राटदार बदलला तरी काकांची सर्व्हिस पुढे चालू राहिली पाहिजे. आणि जिथे नुसती माणसंच पुरवायची आहेत, तिथे मधला दलाल कशाला हवा? संस्थेने ती सरळ स्वतः नेमावीत.

स्टाफरूममधले काही सर म्हणतील, ‘अरे, हे सगळं कागदावर ठीक आहे, आपल्याकडे टेंडर आधीच ठरलेलं असतं.’ सर, मान्य आहे. पण ठरलेलं टेंडर कुठे सहज खपतं? जिथे भरणारे दोनच असतात आणि दोघं एकमेकांचे पाहुणे असतात तिथे. ज्या टेबलावर त्याच कामातली सगळी खाचखळगी माहीत असलेलं खातं स्वतःची बोली घेऊन बसलंय, तिथे दुप्पट आकडा लिहिणाऱ्याचा हात जरा तरी थरथरेल.

उद्या आपल्यातले काही जण टेंडर भरणारे होतील, काही उघडणारे, आणि काही खिशावर कंपनीचं नाव लावून उभे राहणारे. तेव्हा या वेळी गच्चीवर ती चिठ्ठी निघाली तर शाप-वरदान जरा बाजूला ठेवा, आणि समोरच्या पार्टीला एवढंच विचारा : स्पर्धेत कोणाला उतरू दिलं होतं, आणि वाचलेला पैसा कोणाच्या खिशातून आला?

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी